विल्ट चेंबरलेनसमोर खरंच सगळे बुटकेच होते?

जुन्या-नव्या बास्केटबॉलपटूंची तुलना निघाली की अमेरिकेच्या विल्ट चेंबरलेनबद्दल एक वाक्य ठरलेलं: 'चेंबरलेनच्या काळात समोर सहा फुटी पोरं असायची, म्हणून तो एका सामन्यात १०० गुण करू शकला.' हे चूक आहे. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतल्या हर्शी गावात न्यूयॉर्क निक्स संघाविरुद्ध त्याने ते १०० गुण केले, तेव्हा त्याच्यासमोर उभा राहिलेला डॅरल इमहॉफ ६ फूट १० इंच उंचीचा होता. त्याच मोसमातला दुसरा प्रतिस्पर्धी वॉल्ट बेलामी ६ फूट ११ इंच. आणि बचावातला दिग्गज बिल रसेल तर होताच! एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये त्या मोसमात जेमतेम ९ संघ होते, त्यामुळे रसेलशी गाठ पुन्हापुन्हा पडायची.

मग त्या मोसमातली त्याची सामन्यामागे ५०.४ गुणांची सरासरी आली कुठून? खरी गोम वेगात आहे. तेव्हा एक संघ सामन्यात शंभराहून जास्त वेळा बास्केटवर नेम धरायचा. आज हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. शिवाय हा गडी जवळपास बाहेर बसतच नसे. म्हणजे आकडे थोडे फुगलेले, हे मान्य. पण उलटंही आहे: अडवलेले फटके एनबीए १९७३-७४ पासून मोजू लागली, आणि चेंबरलेन १९७३ मध्येच थांबला. त्यामुळे अडवलेल्या फटक्यांच्या यादीत त्याचं नावच नाही.