मोलच्या गणितामागचा अर्धशतकाचा वाद

रावेर-यावलच्या केळीबागांत पडणाऱ्या युरियाच्या गोणीवर 46 टक्के नत्र असे छापलेले असते. युरियाचे रेणूवस्तुमान 60 आणि त्यातील नत्र 28, म्हणजे शुद्ध युरियात सुमारे 46.7 टक्के, एवढा हिशेब शाळकरी विद्यार्थीही मांडतो. अमोनियाचे दोन व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळून युरियाचा एक व पाण्याचा एक रेणू होतो, या समीकरणावरून तो पुढेही जातो. मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक; एका मोलचे वजन रेणूवस्तुमानाइतके ग्रॅम, म्हणजे युरियासाठी 60 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 750 मोल युरिया, त्यासाठी 1500 मोल म्हणजे 25.5 किलो अमोनिया आणि 750 मोल म्हणजे 33 किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय 13.5 किलो पाणी निघते. दोन्ही बाजूंची बेरीज 58.5 किलो भरते.

ही बेरीज जुळलीच पाहिजे, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हासिएने 1789 च्या ग्रंथात मांडले आणि पदार्थ ठरावीक वजनी प्रमाणातच संयोग पावतात, हे त्याच्याच देशाच्या प्रूस्टने दाखवले. खरी अडचण त्यानंतरची होती. समीकरण रेणूंची संख्या सांगते, तराजू मात्र वजन सांगतो. या दोहोंना जोडायला अणूंची सापेक्ष वस्तुमाने लागतात. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या डाल्टनने पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजनचा एकेकच अणू धरला, त्यामुळे ऑक्सिजनचे वस्तुमान निम्म्यावर आले. समान तापमानाला व दाबाला वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे गृहीतक इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने 1811 मध्ये मांडले; त्यामुळे वायूंची वजने ताडून रेणूंची सापेक्ष वस्तुमाने काढता येत होती. तेव्हाच खरे तर हा गुंता सुटायला हवा होता. परंतु त्यासाठी हायड्रोजन, ऑक्सिजनसारख्या वायूंचा रेणू दोन अणूंचा मानावा लागत होता. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना जोडले जातील, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियससारख्या दिग्गजाच्या, विरुद्ध विद्युतभारांमुळेच अणू जोडले जातात असे मानणाऱ्या विद्युत-सिद्धान्तात बसत नव्हते आणि जवळजवळ अर्धे शतक प्रत्येक प्रयोगशाळा आपापली सूत्रे लिहीत राहिली. 1860 च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरूह येथील रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत इटालियन कॅनिझारोने तेच गृहीतक पुन्हा पुढे आणले; परिषदेअखेर वाटल्या गेलेल्या त्याच्या पुस्तिकेने अनेकांची मते पालटली.

एका मोलमधील कणांची संख्या, म्हणजे ॲव्होगॅड्रोचे नाव लाभलेला अंक, त्याने स्वतः कधी काढला नव्हता. ते नाव फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँने 1909 मध्ये सुचवले. मोल हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत आले तेही 1971 मध्ये, कार्बन-12 (कार्बनचा सर्वांत विपुल समस्थानिक) च्या 12 ग्रॅममधील अणूंच्या आधारे. 20 मे 2019 पासून मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण, त्यामुळे कार्बन-12 च्या एका मोलचे वस्तुमान आता व्याख्येने नव्हे, प्रयोगाने ठरते. शालेय उदाहरणांच्या उत्तरात मात्र याने एकही अंक बदलत नाही.