लॉनच्या मशीनमधून धूर येतोय? इंजिन खोलण्याआधी हे वाचा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या वर्कशॉपसमोर गवत कापायच्या मशीनची रांग लागते. मंगल कार्यालयांची लॉन्स, शाळांची मैदानं, वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांपुढची हिरवळ, सगळीकडे गवत एकदम उठतं आणि कोपऱ्यात पडलेलं मशीन बाहेर निघतं. दोरी ओढली की भसाभस धूर, आणि मालक धरून चालतो की इंजिन गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. ग्राहकाचा खर्च विनाकारण होऊ नये, म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी मशीन बंद करा आणि धूर निघतोय कुठून ते बघा. सायलेन्सरच्या तोंडातून नाही, तर इंजिनच्या अंगावरून येत असेल, तर ऑइल भरताना गरम भागावर सांडलेलं असतं किंवा सिलेंडरच्या पाकळ्यांत वाळलेलं गवत अडकून करपत असतं. गार झाल्यावर पुसा, ब्रशने साफ करा. पाकळ्या बुजल्या तर इंजिनला हवा लागत नाही, आणि आपल्याकडच्या ऊन्हात ते फार लवकर तापतं.

पांढरा किंवा निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. याचं आम्हाला रोज दिसणारं कारण म्हणजे ऑइल जास्त भरणं. ढकलून चालवायच्या बहुतेक फोर-स्ट्रोक (पेट्रोल आणि ऑइल वेगवेगळं भरायच्या) मशीनला ५०० ते ६०० मिलि ऑइल पुरतं. बाजारातला डबा मात्र बहुधा लिटरभराचा असतो, आणि तो अख्खा ओतला जातो. मग आत फिरणारा क्रँक ते जादा ऑइल घुसळून फेस करतो, तो ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळते तिकडे) जातो आणि जळतो. मशीन सपाट जागी ठेवून डिपस्टिक (ऑइल मोजायची काठी) पुसा आणि पातळी बघा. काही मॉडेलमध्ये काठी फिरवून घट्ट बसवून बघायची असते, काहींत नुसती आत टेकवून. हे तुमच्या मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल काढून टाका.

दुसरं कारण मशीन आडवं करणं. पावसात काळ्या मातीचा चिखल आणि ओलं गवत पात्याखाली घट्ट बसतं. ते खरवडायला मशीन मिळेल त्या कुशीवर लोळवलं की ऑइल सिलेंडरमध्ये, नाहीतर एअर फिल्टरमध्ये उतरतं. पात्याजवळ हात घालण्याआधी स्पार्क प्लगची कॅप काढा, हे कधीही चुकवू नका. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या आणि पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर एअर फिल्टर व कार्बोरेटरची बाजू आभाळाकडे राहील असंच मशीन कलतं करा. चुकून ऑइल वर चढलंच, तर पातळी तपासून उघड्यावर मशीन पाच-दहा मिनिटं चालवा, आत राहिलेलं ऑइल जळून धूर थांबतो. बंद खोलीत किंवा शेडमध्ये अजिबात चालवू नका, त्या धुरातला विषारी वायू जिवावर बेतू शकतो.

दोरीच ओढली जात नसेल तर जोर लावू नका. सिलेंडरमध्ये ऑइल भरलेलं असलं तर झटक्याने कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. प्लग काढा, भोकावर फडकं धरा, दोरी सावकाश ओढून ऑइल बाहेर येऊ द्या, प्लग पुसून परत बसवा.

एक गोष्ट मात्र गंभीर. न भरताच ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि काठीला पेट्रोलचा वास आला, तर कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेल्या त्या ऑइलवर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातं. पेट्रोलचा कॉक बंद करा, मशीन सुरू करू नका, आमच्याकडे आणा.

पातळी बरोबर आहे, मशीन आडवं केलेलं नाही, तरीही निळा धूर थांबत नाही आणि ऑइल सारखं कमी होतंय, तर ब्रीदर अडकला असेल, हेड गॅस्केट (सिलेंडरच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. रिंगा झिजायचं आपल्या भागातलं मोठं कारण म्हणजे फुफाटा. वाळलेल्या काळ्या मातीची ती बारीक धूळ फाटक्या किंवा सैल फिल्टरमधून आत गेली की बोअर (सिलेंडरची आतली भिंत) खरवडून काढते. फिल्टर न लावता "आजच्या दिवस" मशीन चालवणं सगळ्यात महागात पडतं. पुस्तकात फिल्टर साधारण २५ तासांनी बघायला सांगतात. इथल्या धुळीत आम्ही दर आठवड्याला बघा म्हणतो. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हवेचा जोरदार झोतही मारायचा नाही, हलकेच आपटून धूळ झाडायची.

काळा धूर सोपा. पेट्रोल जास्त, हवा कमी. वाट बुजलेली चूल जशी काळवंडते तसंच हे. चोक (सुरू करताना हवा कमी करणारी झडप) उघडला का बघा, फिल्टर साफ करा. तरीही काळाच राहिला तर कार्बोरेटर उघडावा लागेल.

बांधावरचं गवत काढायचे ब्रश कटर बरेचसे टू-स्ट्रोक असतात. त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणून थोडा निळसर धूर येणारच. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, २५:१ असेल तर ४० मिलि. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी करू नका, पिस्टन चिकटतो. आणि टू-टी मिसळलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोक मशीनमध्ये ओतू नका. दोन्ही कॅनवर रंगाने लिहून ठेवा.

ऑइल कोणतं, हे सगळेच विचारतात. बहुतेक छोट्या एअर-कूल्ड फोर-स्ट्रोक इंजिनला आपल्या उन्हाळ्यात एसएई ३० (डब्यावरचा ऑइलच्या जाडीचा नंबर) चांगलं. १०डब्ल्यू-३० उष्ण हवेत जास्त जळून कमी होतं, त्यामुळे ते भरत असाल तर पातळी रोज बघा. नव्या मशीनचं पहिलं ऑइल पुस्तकात सांगितलेल्या तासांना बदला, पुष्कळ मॉडेलमध्ये ते फक्त ५ तासांनी असतं.

मशीन आमच्याकडे आणताना टेम्पोत उभंच बांधा, पेट्रोल काढून घ्या. धुराचा रंग कोणता, तो सुरू करतानाच येतो की चालू असताना सतत, शेवटचं ऑइल कोणतं आणि किती भरलं, एवढं सांगा. फोनमध्ये धुराचा व्हिडिओ काढून आणलात तर आणखी उत्तम. ऑइल आणि फिल्टर आम्ही तुमच्यासमोर तपासतो आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय इंजिन खोलत नाही.