पार्श्वभूमी : अर्धवट सुटलेला इंडी गेम (मोठ्या कंपनीविना, एकट्याने किंवा छोट्या गटाने केलेला खेळ) दुसऱ्याने पुढे न्यावा का?

एकाने खाली ठेवलेला खेळ दुसऱ्याने उचलायचा, ही रोगलाइक (दर वेळी नव्याने बनणारी भुयारं, आणि मेलात की पहिल्यापासून सुरुवात) खेळांच्या मंडळींची जुनी रीत. १९८७चा नेटहॅक 'हॅक'मधून निघाला. डंजन क्रॉल या खेळाचं काम थंडावलं तेव्हा २००६ मध्ये खेळाडूंनीच 'स्टोन सूप' नावाने तो पुढे नेला. त्यात पैसा नव्हता, त्यामुळे हक्कांची भांडणंही फारशी नव्हती. आजचा वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द मात्र २०१० ते २०१४ या काळातले.

मे २०१० मध्ये पहिलं हंबल इंडी बंडल, म्हणजे काही इंडी खेळांचा एकत्र विकलेला संच, आलं. विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आणि ॲक्वेरिया, गिश, लुगारू एचडी आणि पेनम्ब्रा ओव्हरचर या त्यातल्या चार खेळांचा कोड खुला (ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा) करायचं ठरलं. 'चार गेम ओपन सोर्स झाले' अशीच बातमी फिरली, आणि घोळ तिथेच झाला. खुला झाला तो कोड. चित्रं, मॉडेल्स, आवाज, पात्रं या ॲसेट्सचे हक्क मूळ निर्मात्यांकडेच होते.

जानेवारी २०११ मध्ये मॅक ॲप स्टोअर उघडलं आणि थोड्याच दिवसांत तिथे लुगारू दोनदा दिसू लागला : मूळ निर्मात्यांचा ९.९९ डॉलरला, आणि भलत्याच कंपनीचा १.९९ डॉलरला. कोड ज्या खुल्या लायसन्सखाली आला ते जीपीएल विक्रीला आडकाठी करत नाही, असं त्या कंपनीचं म्हणणं. कोडपुरतं ते शंभर टक्के बरोबर होतं. पण ॲसेट्स जीपीएलखाली नव्हतेच, आणि ॲसेट्सशिवाय लुगारू म्हणजे रिकामी खिडकी. ती नक्कल पुढे हटवली गेली. ॲसेट्सना खुलं लायसन्स मिळालं ते थेट २०१६ मध्ये. म्हणून रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या सगळ्या फाईली ठेवलेली जागा) उघडल्यावर लायसन्सची एकच फाईल वाचून थांबू नये. चित्रांच्या, आवाजांच्या आणि फाँटच्या फोल्डरमध्ये वेगळी फाईल आहे का, ते आधी बघावं. काहीच लिहिलेलं नसेल तर परवानगी नाही असंच धरावं.

'सोडलेला' हा शब्दही असाच फसवा. निर्मात्याने काम थांबवणं, दुकानातून खेळ निघणं आणि हक्क सोडणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि 'ॲबँडनवेअर' (वाऱ्यावर सोडलेलं सॉफ्टवेअर) म्हणताना त्या सर्रास एकत्र केल्या जातात. भारतीय कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते; लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेला करार लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसेल तेव्हा, तोही संपतो. चॅटवर आलेल्या 'घे की पुढे' या उत्तरावर पुण्यात किंवा नागपुरात बसून दोन वर्षं खपणाऱ्याने हे कलम आधी वाचावं.

लायसन्स असूनही अडचण येते. कॅटॅक्लिझम या रोगलाइकचा मूळ निर्माता बाजूला झाल्यावर खेळाडूंनी 'डार्क डेज अहेड' उभा केला आणि २०१३ मध्ये लोकवर्गणीही काढली. पण मूळ लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं बीवाय-एसए ३.० होतं. ते सॉफ्टवेअरसाठी बनलेलंच नाही, त्यामुळे जीपीएलचा कोड त्यात थेट मिसळता येत नाही. लायसन्स बदलायचं तर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती हवी, आणि हात इतके लागले की ती मिळवणं आता जवळपास अशक्य आहे.

पिक्सेल डंजन या मोबाइलवरच्या रोगलाइकचं उलट. २०१४ मध्ये कोड जीपीएल ३ खाली आला आणि त्याच वर्षी 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' निघाला : नवं नाव, नवं पॅकेज (अँड्रॉइड ॲपची अंतर्गत ओळख), मूळ निर्मात्याचा ठळक उल्लेख. २०२२ मध्ये तो स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळू लागला, कोड अजूनही खुलाच आहे. पुढे न्यायचं तर असं न्यावं.

लायसन्सच नसेल तिथे एकच सरळ वाट उरते, ती म्हणजे नव्याने लिहिणं. क्यूब वर्ल्ड या खेळाची अल्फा, म्हणजे कच्ची सुरुवातीची आवृत्ती, २०१३ मध्ये आली आणि मग निर्माते वर्षानुवर्षं गप्प राहिले. २०१८ मध्ये काहींनी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत वेलोरेन हा त्याच धर्तीचा खेळ सुरू केला, त्यात मूळची एक ओळही नाही. मूळ खेळ २०१९ मध्ये पूर्ण होऊन आला, आणि 'सोडला' म्हणणारे तोंडावर पडले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या स्टीम अर्ली ॲक्सेसने (पूर्ण होण्याआधीच खेळ विकण्याची सोय) असे अर्धवट खेळ ढिगाने वाढवले. तिथे वर्षाहून अधिक काळ अपडेट नसल्याची सूचना दिसू लागली ती २०२५ मध्ये.

हक्क मिळाले तरी काम बहुधा पहिल्याच आठवड्यात अडतं. युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधला प्रकल्प देताना .मेटा फाईली (प्रत्येक ॲसेटची ओळख यांत असते) गाळल्या असतील तर युनिटी प्रत्येक ॲसेटला नवा जीयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, देतं. सीनमधले (खेळातल्या दृश्यांतले) जुने दुवे तुटतात आणि इन्स्पेक्टर या तपशिलाच्या खिडकीत ओळीने 'मिसिंग' दिसतं. म्हणून झिप नको, संपूर्ण गिट इतिहास (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) मागावा, आणि युनिटीची जुनी आवृत्तीच टाकून काहीही न बदलता एक बिल्ड (चालणारी प्रत) काढावा. युनिटीच्या ॲसेट स्टोअरमधून घेतलेली पॅकेजेस सोर्ससोबत तुमची होत नाहीत, ती पुन्हा विकत घ्यावी लागतात. अँड्रॉइडवर मूळ साइनिंग की (ॲपवर निर्मात्याची डिजिटल सही करणारी किल्ली) नसेल तर जुन्या पॅकेजच्या नावाखाली अपडेट सहसा टाकता येत नाही. आणि पिक्सेल डंजनच्या कुळात सेव्ह फाईलमध्ये क्लासचं (कोडमधल्या एका घटकाचं) नावच लिहिलेलं असतं : क्लासचं नाव बदललं की खेळाडूचा जुना सेव्ह उघडत नाही. त्यासाठी सेव्ह वाचणाऱ्या 'बंडल' नावाच्या क्लासमध्ये जुन्या नावाचं एलियस (पर्यायी नाव) नोंदवावं लागतं, नाव बदलाल त्याच कमिटमध्ये (गिटमधल्या त्याच नोंदीत).