फिरता निधी आणि गावातली छोटी अनुदानं (कोल्हापूर जिल्हा)

फिरता निधी म्हणजे बचत गटाला सरकारकडून मिळणारी छोटी रक्कम. ती सरकारला परत करायची नसते पण सगळ्यांनी वाटून घेऊन संपवायचीही नसते. गटानं ती आपल्या बचतीत मिसळायची, गरज असेल त्या बाईला कर्जानं द्यायची, व्याजासकट परत आली की दुसरीला द्यायची. महाराष्ट्रात हे काम मुख्यतः 'उमेद' म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून चालतं. आधी गटाला 15 हजार मिळायचे, 2023 मधे राज्य सरकारनं ते 30 हजार केले. दहा-बारा बायकांत 30 हजार म्हणजे काय होणार असं लांबून वाटतं, पण कोल्हापूरच्या गावात राहणाऱ्याला विचारा, हंगामाच्या तोंडावर हातात पाच हजार असणं आणि नसणं यात वर्षाची कमाई कुठं जाते ते तो सांगेल.

थोडं भांडवल देऊन माणसाला पायावर उभं करायची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल सुरू झालं. तिथं कुणी चहा प्यायला येईना, म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. माझ्या मते या सगळ्या विषयातलं मर्म इथंच आहे, महाराज पैसे देऊन मोकळे झाले नाहीत, पहिलं गिऱ्हाईकही तेच झाले.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. 1975 ला महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे 'माविम' स्थापन झालं, 1992 ला नाबार्डनं (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) 500 बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग केला, आणि 2011 ला राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं, उमेद त्याचाच भाग. पर्यावरणाच्या कामासाठी जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा लघु अनुदान कार्यक्रमही 1992 पासून आहे, पण तो पैसा संस्थांमार्फत येतो आणि त्याला प्रस्ताव लिहिणारा माणूस लागतो, त्यामुळं गावातल्या साध्या गटाला तो लांबच राहतो.

गट साधारण 10 ते 20 बायकांचा. महिन्यातली ठरलेली तारीख, संध्याकाळचा स्वयंपाक लावायच्या आधीची वेळ, कुणाच्या तरी सोप्यात सतरंजी टाकलेली. एकेक जण शंभर-दोनशे बचत आणि कर्जाचा हप्ता पुढं ठेवते, सचिव मोठ्यानं नाव आणि रक्कम वाचते, पासबुकात चढवते, आणि मग खरी चर्चा सुरू होते, या महिन्यात कर्ज कुणाला. एकीला पोराची फी भरायचीय, एकीच्या म्हशीला पेंड आणायचीय. व्याज बऱ्याच गटांत शेकडा दोन रुपये महिना असतं, ते महाग वाटेल पण ते गटाच्याच पेटीत राहतं, सावकाराच्या किंवा दर आठवड्याला दारात वसुलीला येणाऱ्या फायनान्सवाल्याच्या खिशात जात नाही, हा फरक फार मोठा आहे.

आता पैसा कशाला लागतो ते बघा. दुधाचं घ्या, म्हैस लाखाच्या घरात गेलीय त्यामुळं ती फिरत्या निधीत येत नाही, त्याला बँकेचंच कर्ज पाहिजे (गटाला 3 लाखांपर्यंत व्याज सवलतीत 7 टक्क्यांनी मिळतं). पण म्हैस आटल्यावर दोन-तीन महिने तिला सांभाळायचा खर्च, डॉक्टर, वैरण, इथं गटाचे चार-पाच हजार कामाला येतात, नाहीतर तीच म्हैस पडेल भावात बाजारात जाते. व्याली की दहा दिवसाला दूध बिल, त्यातून हप्ता सहज फिटतो.

कांदा-लसूण चटणीचं गणित उलटं. मिरची स्वस्त असते तेव्हाच घ्यावी लागते, उन्हाळ्यात वाळवण, भाजणं, डंकावर कांडप सगळं एकदम, म्हणजे सगळा खर्च दोन महिन्यांत आणि विक्री वर्षभर. चप्पल कारागिराचंही तसंच, चामडं व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतलं की तयार जोडही त्याच्याच भावानं त्यालाच द्यावा लागतो. कोल्हापुरी चपलेला 2019 मधे भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर झालं, पण कापशीच्या किंवा शहरातल्या ज्या घरात बाई वेणी विणते तिथं चामडं रोखीनं घ्यायला पैसे आहेत का, यावरच तिचा भाव ठरतो.

जिथं ही अनुदानं फसतात तिथं कारण बहुतेक वेळा एकच असतं, मशीन आधी आणि गिऱ्हाईक नंतर. पापडाचं, शेवयांचं यंत्र येतं, फोटो निघतो, आणि मग माल कुठं विकायचा हे कुणाला माहीत नसतं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (2020 पासून) गटातल्या प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे धंद्याच्या सुरुवातीचा पैसा, मिळतं, चांगली तरतूद आहे, पण लेबल, पॅकिंग आणि दुकानदाराची उधारी याचा हिशोब आधी केलेला नसेल तर तेही अडकून पडतं. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव बघण्यासारखं आहे. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर तिथं 'मधाचं गाव' झालं, मधपेट्या, ट्रेनिंग आणि मधाची विक्री यांचा एकत्र विचार झाला. नाचणी आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही असंच कुणीतरी शेवटपर्यंत धरून बसायला हवं असं मनापासून वाटतं.

आणि महापूर. 2019 आणि 2021 ला शिरोळ, करवीरच्या गावांत घरात पाणी शिरलं की तयार माल, जनावरांचा चारा सगळं गेलं, हप्ते थांबले. अशा वेळी बँक नियम बघते, गट मात्र बैठकीत बसून हप्ता पुढं ढकलू शकतो, कारण समोरची बाई कोण आहे, तिच्या घरात किती पाणी होतं हे सगळ्यांनी बघितलेलं असतं.

निधी मिळवायचा तर गट किमान तीन महिने पंचसूत्रीनं चाललेला लागतो, म्हणजे वेळेवर बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशोब. गटाच्या नावानं बँक खातं लागतं. गावातल्या सीआरपी ताई (उमेदचं काम बघणारी गावातलीच कार्यकर्ती) रजिस्टर तपासून प्रस्ताव करतात, तो तालुक्याच्या उमेद कक्षातून पुढं जातो आणि पैसे थेट गटाच्या खात्यात येतात, अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या नाही. त्यानंतरचा मोठा समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघातून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघातून, मिळतो, तो मात्र ग्रामसंघाला परत करायचा असतो, म्हणजे शेजारच्या गटाला देता येतो.