युद्धकाळातील विद्यार्थी निदर्शने (बेळगाव सीमाभाग)

युद्ध चालू असताना किंवा युद्धाचे ढग जमले असताना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शांततेने नोंदवलेला निषेध, आणि तो नोंदवता यावा म्हणून लागणारे भाषणस्वातंत्र्य. फलक, काळी फीत, मूक फेरी, मेणबत्ती मोर्चा, निवेदन, तासांवर बहिष्कार हे त्याचे जुने प्रकार. मोबाइलवरचे स्टेटस हा नवा. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील मराठीभाषक पट्ट्यात या विषयाला दोन स्थानिक पदर आहेत. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि १९५६ पासून सीमाप्रश्न आहे.

युद्धकाळात काय बोलता येते, या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा निकाल बेळगावच्याच एका भाषणातून निघाला, याची आठवण गावातही फारशी निघत नाही. पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, एप्रिल १९१६ मध्ये, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली आणि १ मे रोजी तेथे स्वराज्यावर मराठीतून भाषण केले. हे भाषण आणि अहमदनगरची दोन भाषणे राजद्रोही ठरवून, वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जीना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. सुटे वाक्य उचलून चालणार नाही, भाषण सबंध वाचून त्याचा एकूण रोख पाहावा लागेल, असे न्यायमूर्तींनी धरले. टिळक त्या वेळी साठीचे होते, विद्यार्थी नव्हते. पण आज एखाद्या पोरावर स्टेटसमधल्या एका ओळीसाठी कारवाई होते तेव्हा मुद्दा तोच असतो.

स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने भाषणाचा आणि शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क दिला. ‘युद्ध’ हे तो रोखण्याचे कारण म्हणून त्यात लिहिलेले नाही. राज्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणे आहेत. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ‘देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता’ ही कारणे जोडली. सीमाभागात या शब्दांचा हमखास गोंधळ होतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मागणी देशाच्या एकात्मतेविरुद्ध नसते. राज्यांच्या सीमा बदलण्याची सोय घटनेच्या अनुच्छेद ३ मध्येच आहे. तरीही सीमाप्रश्नावर बोलणाऱ्याला ‘देशात फूट पाडतोस’ असे सुनावले जाते, आणि युद्धाच्या दिवसांत हे वाक्य अधिकच स्वस्त होते.

अनुच्छेद १९ चे संरक्षण मागे पडते ते युद्धामुळे नव्हे, तर युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने रीतसर आणीबाणी पुकारली तर. ऑक्टोबर १९६२ ची आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. डिसेंबर १९७१ ची मार्च १९७७ पर्यंत चालली. युद्धे महिन्याभरात आटोपली, निर्बंध वर्षानुवर्षे उरले. त्यातही न्यायालयाने एक खिडकी उघडी ठेवली होती. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणूवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि ते छपाईसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटले असतानाच, संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९९ च्या कारगिल संघर्षात आणि मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत आणीबाणी पुकारलीच गेली नाही, म्हणजे अनुच्छेद १९ पूर्ण लागू होता. प्राचार्यांच्या केबिनमध्ये मात्र ‘सध्या युद्ध चालू आहे’ एवढे वाक्य पुरते.

प्रत्यक्षातले निदर्शन लहान असते. दहा-पंधरा मुले कॉलेजबाहेर जमतात, राणी चन्नम्मा चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकापर्यंत चालतात. कोणी अधिकारी खाली येऊन निवेदन घेतो, एक फोटो निघतो, स्थळप्रतीवर शिक्का बसतो. दुसऱ्या दिवशी ‘तरुण भारत’ किंवा ‘पुढारी’च्या आतल्या पानात चार ओळी आल्या की काम झाले. परवानगीचा अर्ज शहरात पोलिसांकडे जातो आणि जमावबंदी लागू असेल तर तिथेच थांबतो. तिरंगा घेऊन निघालेल्या विजययात्रेला बहुधा कोणी परवाना विचारत नाही. ‘युद्ध नको’ असा फलक धरणाऱ्या दोघांना विचारतात. कर्नाटकात महाविद्यालयीन विद्यार्थी संघटनांच्या निवडणुका १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाल्या, त्यामुळे अशा वेळी मुलांच्या बाजूने बोलायला निवडून आलेला प्रतिनिधीही नसतो.

फलकाच्या भाषेचाही प्रश्न असतो. मराठीतला फलक दुरून सीमाप्रश्नाचाच वाटतो. मग बंदोबस्तही त्याच हिशेबाने लागतो. आणि फलक धरणाऱ्याचा चुलता किंवा थोरला भाऊ फौजेत असण्याचा संभव या भागात मोठा आहे. बेळगाव-खानापूरच्या खेड्यांत पहाटे भरतीसाठी रस्त्याने धावणारी पोरे आणि दुपारी कॉलेजात बसणारी पोरे वेगळी नसतात. बाहेरून ठोकलेले ‘सैन्याविरुद्ध’ हे लेबल म्हणूनच इथे नीट बसत नाही. घरी सुट्टीवर आलेला हवालदार युद्धाविषयी जे बोलतो, ते पोराने चौकात बोलले तर गुन्हा होईल, असा अनुभव अनेक घरांत आहे.

काळ्या फितीचा धागा दूरवर जातो. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेतील डे मॉइन गावच्या काही शाळकरी मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधली आणि त्यांना शाळेतून घरी पाठवण्यात आले. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला : शाळेच्या कामात खरोखर अडथळा येत नसेल तर नुसत्या नावडीपोटी फीत काढायला लावता येत नाही. तो निकाल भारतावर बंधनकारक नाही. पण सीमाभाग कन्नड राज्यात घातल्याच्या निषेधार्थ मराठी भाषक पाळतात त्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला संभाजी उद्यानातून निघणाऱ्या मूक सायकल फेरीत लहानपणापासून फीत बांधून गेलेल्या बेळगावकराला त्यातला मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. (शहराचे ‘बेळगावी’ हे नावही २०१४ साली याच तारखेपासून अमलात आले.)

सहनशीलतेची परीक्षा मराठी बाजूचीही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहरातील एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात कन्नड ध्वज घेऊन नाचणाऱ्या विद्यार्थ्याला सहविद्यार्थ्यांनी मारहाण केली. काळ्या फितीला जागा मागायची आणि दुसऱ्याच्या झेंड्याला द्यायची नाही, हे जमणारे नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये, पुलवामा हल्ल्याच्या वर्षदिनी, हुबळीत शिकणाऱ्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांवर एका व्हिडिओतील पाकिस्तानच्या घोषणेवरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. हुबळीच्या वकील संघाने त्यांचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली. मुलांना बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात ठेवण्यात आले होते. घोषणा कोणाला पटो न पटो, बचावाला वकील मिळणे हा वेगळा हक्क आहे. राजद्रोहाच्या कलम १२४-अ चा वापर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला. जुलै २०२४ पासून देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ लागू आहे, आणि त्याची व्याप्ती अजून वादाची आहे.

मे २०२५ मध्ये पुण्यातील एका १९ वर्षांच्या अभियांत्रिकी विद्यार्थिनीला, ‘ऑपरेशन सिंदूर’विषयीच्या, पुन्हा प्रसारित करून लगेच काढून टाकलेल्या मजकुरावरून, अटक झाली आणि कॉलेजातून काढण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजातून काढण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि तिचे म्हणणेही न ऐकता कारवाई करणाऱ्या कॉलेजला फटकारले. तिची परीक्षा तोंडावर होती. त्याच महिन्यात, माध्यमांसमोर मोहिमेची माहिती देणाऱ्या कर्नल सोफिया कुरेशी यांच्या गोकाक तालुक्यातील कोण्णूर येथील सासरच्या घरावर जमावाने हल्ला केल्याची बातमी समाजमाध्यमांवर पसरली. बेळगाव जिल्हा पोलिसांनी ती धादांत खोटी असल्याचे जाहीर केले. असे काही घडलेच नव्हते.