पिकअपची रस्सीखेच आणि इंजिनाचा दम

पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन पिकअप, मध्ये दोर, चाकाखालून उडणारा धुरळा आणि खाली 'नाद खुळा'. अशी रील्स सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पडत असतात. एक गाडी दुसरीला फरफटत नेते आणि लगेच कॉमेंटमध्ये निकाल लागतो, कुठल्या कंपनीचं इंजिन भारी.

त्या व्हिडिओत इंजिनाची परीक्षा होतच नाही. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन कमी पडतं. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही इंजिनं त्या चाकांना जमिनीच्या पकडीपेक्षा जास्त जोर देतात, म्हणून चाकं जागेवर फिरतात. जिंकते ती गाडी, जिच्या फिरणाऱ्या चाकांवर वजन जास्त आणि टायरची नक्षी शाबूत. हरणाऱ्या गाडीत गुळाची पोती भरा आणि पुन्हा ओढा, निकाल उलटू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये टेस्लानं आपला विजेवरचा पिकअप, सायबरट्रक, फोर्डच्या एफ-१५० पिकअपला चढावर ओढून नेताना दाखवला, तेव्हाही जाणकारांनी हाच आक्षेप घेतला होता.

मग तुलना करायची कशावर? शोरूममध्ये एकच आकडा पुढे करतात, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी मॉडेलचा २२० न्यूटन-मीटर, टाटा योद्धा २.० चा २५०. म्हणजे योद्धा भारी, विषय संपला? थांबा जरा.

विहिरीवर ठक-ठक चालणारं जुनं लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन आठवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरची निम्मी कीर्ती ऑइल इंजिनांचीच आहे. सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६५० फेरे. हिशोब केला तर त्याचा टॉर्क भरतो सुमारे ६६ न्यूटन-मीटर. मारुती ८०० चा कमाल टॉर्क होता ५९! टॉर्कवरच निकाल लावायचा तर मारुतीला विहिरीवरच्या इंजिनानं हरवलं. पण मारुतीची पॉवर होती ३७ हॉर्सपॉवर, म्हणजे सहापट.

टॉर्क म्हणजे क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मिळणारा पीळ. पॉवर म्हणजे तो पीळ मिनिटाला किती वेळा दिला जातो, त्याचा हिशोब. टॉर्कला आरपीएमनं, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांनी, गुणा, ९५४९ नं भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. गिअरबॉक्स टॉर्क हवा तेवढा वाढवून देतो. पॉवर मात्र एक वॅटसुद्धा वाढवत नाही, उलट थोडी खातो.

आता करूळ घाट घ्या. खालून वैभववाडीकडून चिरा भरून गगनबावड्याकडे निघालेली पिकअप, गाडी आणि माल मिळून साडेतीन टन. चढ शंभर मीटरला आठ मीटर धरला, तर चढाचा आणि चाकांचा विरोध मिळून सुमारे ३३०० न्यूटन होतो. ताशी ४० नं चढायचं, तर चाकांपाशी ३६ आणि वाटेतली घट धरून इंजिनापाशी ४० किलोवॅट लागतात. २००० आरपीएमवर बोलेरो देते ४६ किलोवॅट, योद्धा ५२. त्या चढावर वेगाचा फरक सहा किलोमीटरच्या आसपास. पण योद्धाच्या ड्रायव्हरनं आळस करून गाडी वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर रखडवली, तर त्याच्याकडे ३९ च किलोवॅट उरतात. मागच्या बोलेरोवाल्यानं एक गिअर खाली टाकून २८०० वर नेली, की तो पन्नास किलोवॅटच्या वर. तो हॉर्न वाजवत पुढे जातो आणि योद्धावाला म्हणतो, 'माझी गाडी पिकअप घेत नाही.'

आता मला खरा आवडतो तो भाग. बोलेरोचं इंजिन २५२३ सीसीचं, योद्धाचं २१७९ सीसीचं. लहान इंजिन जास्त पीळ कसा देतं? टॉर्कला इंजिनाच्या आकारानं भागून पिस्टनवर पडणारा सरासरी उपयोगी दाब काढता येतो. ऑइल इंजिनात तो सहा बारच्या आत (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेचा दाब), बोलेरोत ११, योद्धात १४.४. योद्धाच्या ८५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर हा सरासरी रेटा आठ क्विंटलच्या वर जातो, आणि स्फोटाच्या क्षणी याच्या कितीतरी पट.

हा दाब येतो हवेतून. एक किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलो हवा लागते. काळा धूर नको म्हणून प्रत्यक्षात १८-२० किलो द्यावी लागते. डिझेल जास्त सोडणं सोपं आहे, हवा भरणं अवघड. म्हणून टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी यांनी १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुरावर एक छोटं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून आत ढकलतं.

पण दाबली की हवा तापते. कोल्हापुरात एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांची हवा दुप्पट दाबली, तर टर्बोतून ती १३० अंशांच्या आसपास निघते. तापलेली हवा विरळ, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही भरणा दीडपटच होतो. इंटरकूलरनं, म्हणजे ही हवा थंड करणाऱ्या जाळीनं, तीच हवा ६० अंशांवर आणली, की भरणा १.८५ पट. इंजिनाचा एक नटही न बदलता पाचव्या हिश्शाहून जास्त हवा वाढली.

पत्रकात योद्धाचा टॉर्क '१००० ते २५०० आरपीएम' असा सपाट लिहिलेला असतो. हे पठार निसर्गतः आलेलं नाही. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच भागात इंजिन याहून जास्त देऊ शकलं असतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, डिझेल आखडतो, कारण पुढे क्लच आणि गिअरबॉक्सला ते सोसायचं असतं. रिमॅप करून, म्हणजे त्या संगणकातली मांडणी बदलून, 'तीस एचपी वाढवून देतो' म्हणणारे हेच कुलूप काढतात. बिल नंतर क्लचप्लेट आणि हेड गॅस्केट पाठवतात. डिझेलच्या पाइपला बांधायचं चुंबक विकणारे निदान निरुपद्रवी म्हणायचे: डिझेलवर चुंबकाचा परिणाम नगण्य, त्यामुळे गाडीचं काही बिघडत नाही, फक्त खिशाचं. बंपरखालच्या लिंबू-मिरचीनंही सिलिंडरमध्ये हवा वाढत नाही, पण ती स्वस्तात तरी मिळते.

गळीत हंगामात मात्र एक गोष्ट पाहा. उसाच्या फडाकडे ये-जा करणाऱ्या पिकअपचा इंटरकूलर पाचटाच्या तुसानं आणि चिखलानं भरतो. हवा गरमच आत जाते आणि गाडी चढाला मरगळते. त्यावर मेकॅनिककडे पंप उघडून बसण्याआधी जाळीवर मागच्या बाजूनं हलक्या दाबाचं पाणी मारायचं. जोराचा फवारा नको, पातळ पाकळ्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो.