ऑडिशन नेमकी कशाची घेतो आपण?

अनोळखी खोली. डोळ्यांवर येणारा पांढरा दिवा. टेबलापलीकडे चार जण, आणि हातात आत्ताच ठेवलेलं पान. "वाचा. आता हेच जरा वेगळ्या मूडमध्ये करा." स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या नटाची संधी बऱ्याचदा इथेच हुकते. डिस्लेक्सिया, म्हणजे लिहिलेलं वाचायला जड जाणं, असलेल्याची तर पहिल्या ओळीलाच.

प्रत्यक्ष नाटक मात्र याच्या उलट असतं. संवाद ठरलेले, कुठल्या वाक्याला कुठे वळायचं ते ठरलेलं, दिवा कधी मंद होणार तेही ठरलेलं. अनेक स्वमग्न माणसांना आवाज, प्रकाश, स्पर्श फार तीव्र जाणवतात आणि अचानक झालेला बदल पेलणं जड जातं. पक्की तालीम नेमकी ही अनिश्चितता कमी करते. शिवाय चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून यांतले कितीतरी जण लहानपणापासून नजर, हावभाव, आवाजाचे चढउतार घोकत आलेले असतात. याला मास्किंग म्हणतात. ते दिवसभर करून माणूस पार गळून जातो.

"पण दुसऱ्याच्या भावनाच कळत नसतील तर अभिनय कसा करणार?" हा प्रश्न मला फार खुपतो. स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं, की न कळणं दोन्ही बाजूंचं असतं. बाकीच्यांनाही स्वमग्न माणूस कळत नाही. २०२० साली एका प्रयोगात कानगोष्टींसारखी आठ-आठ जणांची साखळी करून एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत जास्त गळाली. पुढे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तर मिश्र साखळीही मागे पडली नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगची 'बॅक टू बॅक थिएटर' १९८७ पासून बौद्धिक अपंगत्व असलेल्या आणि न्यूरोडायव्हर्स (ज्यांच्या मेंदूची घडण बहुतेकांपेक्षा वेगळी असते अशा) नटांसोबत नाटकं करते. संहिता या नटांच्या सहभागातूनच उभी राहते. २०२२ चा रंगभूमीसाठीचा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार याच संस्थेला मिळाला.

बदल करायचे ते अगदी साधे आहेत. उतारा दोन दिवस आधी पाठवावा, हवा तर आवाजात रेकॉर्ड करून. अंगाला हात लावण्याआधी सांगावं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं अवघड जाणं, असलेल्या नटाला तालमीत मध्ये उठून फिरू द्यावं. आणि "अजून थोडं आतून येऊ दे" असं म्हणण्याऐवजी सांगावं, "दार वाजलं की तीन सेकंद थांब, मग तिच्याकडे बघ."